साडेचार फुटांची फळी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं होतं. आजच्या मुलांना खाजगी काय आणि चव्हाट्यावर काय याचा पाचपोच उरलेला नाही, तेव्हा सोळा वर्षांपर्यंत सोशल मीडियावर सरसकट बंदी घाला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात ते पत्र दोनदा वाचलं गेलं. एकदा मी वाचलं, एकदा माझ्या लेकीने. ती बारावीला आहे. वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, सरांचं फेसबुक बघ." बघितलं. सरांनी नातवाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो टाकला होता. गणवेशावर शाळेचं नाव, गळ्यातल्या ओळखपत्रावर वर्ग, तुकडी आणि बसचा नंबर. खाली ते पृथ्वीगोलाचं चिन्ह, म्हणजे जगातल्या कुणीही बघावं. सरांनी राग मानू नये. त्यांच्यापेक्षा मोठ्या चुका मी केल्या आहेत आणि त्या याच पत्रात लिहिणार आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २००६ साली मिस्टरांनी आणि मी ते सुरू केलं तेव्हा तो सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये. कॉलेजची पोरं जोडीने यायची आणि ऑर्कुट, म्हणजे तेव्हाचं फेसबुक, उघडायची. ऑर्कुटवर एकमेकांना लिहिलेले स्क्रॅप कुणीही वाचायचं, आणि आपल्या पानावर कोण डोकावून गेलं तेही दिसायचं. म्हणून आमची पोरं मुलींची पानं बघताना मित्राच्या आयडीवरून बघायची, आणि मित्र त्याचे वेगळे पाच रुपये घ्यायचा.

२०११ च्या एप्रिलमध्ये सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. आलेल्याचं ओळखपत्र बघायचं, नोंदवही वर्षभर जपून ठेवायची, आणि दोन कॉम्प्युटरमधली फळी साडेचार फुटांपेक्षा उंच नको. अठराच्या आतल्या पोराला आईबाप सोबत असल्याशिवाय फळीआड बसवायचं नाही. आमच्या फळ्या चांगल्या सहा फुटी होत्या. सुताराला बोलावून कापून घेतल्या. तो हळहळला, "वैनी, एवढा चांगला प्लाय का खराब करताय?" कापलेल्या तुकड्यांची आम्ही मांडणी करून घेतली. ती अजून दुकानात आहे, तिच्यावर लॅमिनेशनचे पाउच असतात.

पुढच्या चार-पाच वर्षांत प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि कॅफे बसला. फळीची उंची मोजायला येणारेही कुणी राहिले नाहीत.

आता मुख्याध्यापक सरांच्या मुद्द्यावर येते. मुलांना झाकता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या काउंटरमागे बसावं. अकरावीच्या मुलींचे डीपी बघावेत. पाठमोरा फोटो, मेंदीचा हात, मोरपीस, देवीचा मुखवटा. चेहरा नाही. इन्स्टाग्रामवर नाव असतं, आडनाव नसतं. आयडी दोन असतात. एक घरच्यांसाठी, त्यावर मामा, आत्या, चुलतभाऊ, क्लासचे सर असे सगळे आणि त्यावर दिवाळीच्या रांगोळीपलीकडे काही पडत नाही. दुसरा खरा, ज्याचे फॉलोअर्स बावीस. घरच्या आयडीवर काही टाकायचं झालंच तर हिरव्या कड्यातली स्टोरी, म्हणजे 'क्लोज फ्रेंड्स' सोडून इतरांना दिसत नाही. बाकी स्टोरी कुणाकुणाला दाखवायची नाही त्या यादीत पहिला नंबर सख्ख्या भावाचा. स्नॅपचॅटच्या नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसू नये म्हणून घोस्ट मोड. हे सगळं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मी तर नाहीच, कारण यातलं अर्धं मला लेकीकडून कळलंय.

एकदा तिने स्टेटसला नुसतं 'आज परत भेंडी' असं ठेवलं होतं. मला वाटलं डब्याची तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बटाट्याची भाजी दिली. सात-आठ महिन्यांनी बोलता बोलता कळलं, की क्लासच्या वाटेवर एक मुलगा उभा राहायचा, मागे मागे यायचा, आणि 'भेंडी' म्हणजे तो. तिच्या तीन मैत्रिणींना स्टेटस वाचून कळायचं आणि त्या तिला न्यायला चौकापर्यंत यायच्या. सगळ्या गावासमोर लिहिलेलं, आईने वाचलेलं, आणि आईलाच कळलेलं नाही. आम्ही लहानपणी मोठ्यांसमोर 'च'च्या भाषेत बोलायचो. 'चलाम चकोन' म्हटलं की बहिणीला कळायचं, 'मला नको'. तेच हे. फक्त आम्ही आजीपासून लपवायचो ते चिंचा नाहीतर बोरं असायची.

म्हणजे मुलं फळी लावतात, आणि चांगली उंच लावतात. पण ती आमच्या बाजूने लावतात. रस्त्याच्या बाजूने उघडंच असतं. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेतील, पण काकाला ब्लॉक करतील. सरांना हा मूर्खपणा वाटेल. मला पूर्वी वाटायचा. आता वाटत नाही, कारण मुलांनी हिशेब करूनच हे केलेलं असतं. अनोळखी माणसाने त्रास दिला तर दिला, नाही तर नाही. पण घरी कळलं तर फोन जाणार हे पक्कं. मुलगी असेल तर कॉलेज जाईल, आणि मे महिन्यात पाहुणे बघायला येतील. त्यांचं गणित चुकलेलं नाही. त्यातले आकडे आम्ही पुरवलेत.

'असर' या शिक्षणविषयक पाहणीतले २०२४ चे ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांचे आकडे मी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवलेत. स्मार्टफोन वापरता येणारी मुलं ८२ टक्के. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के, सोशल मीडिया वापरलेली ७६ टक्के. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना येतं, पण आपलं प्रोफाइल प्रायव्हेट कसं करायचं हे ५५ टक्क्यांनाच. घरात शिरलेल्याला हाकलता येणारी मुलं जास्त, आणि दाराला कडीच घालता येत नाही अशी जवळजवळ निम्मी. त्यातही ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. उरलेल्या मुली भावाच्या नाहीतर बापाच्या फोनवर. त्यांचा आयडी कुणाच्या नावाचा, पासवर्ड कुणाकुणाला माहीत, हे विचारूच नका.

आता माझ्या चुका.

आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं. मी पुढच्या पिढीला १ जानेवारी लावला. फेसबुकला १३ वर्षं पूर्ण लागतात, इन्स्टाग्रामलाही. समोर दहा-अकरा वर्षांचं पोर, शेजारी त्याचे वडील, "टाका हो ताई कायतरी, लई विचारतंय त्ये." मी १ जानेवारी १९९० टाकायचे. पटकन टाइप होतं. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत मी हे केलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फॉर्म भरून द्यायचा हाच माझा धंदा. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने भारतात अठराच्या आतल्यांसाठी वेगळी 'टीन अकाउंट्स' आणली. ती आपोआप प्रायव्हेट असतात, अनोळखी माणसाला थेट मेसेज टाकता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या आतल्याला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, की माझ्या दुकानात जन्मलेल्या पोरांना हे कुलूप लागणारच नाही. कंपनीच्या वहीत ती पस्तिशीची आहेत.

दुसरी चूक याहून वाईट. शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, जातीचा दाखला, सगळ्याला ईमेल लागतो. पोरांकडे नसतो. मीच काढून द्यायचे आणि पासवर्ड सगळ्यांचा एकाच साच्यातला ठेवायचे, नाव आणि पुढे १२३. पोरं विसरतात आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला माझ्याकडेच येतात, म्हणून ते सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं. वही काउंटरवर, स्टेपलरशेजारी. एके दिवशी एका मुलाने झेरॉक्स होईपर्यंत ती चाळली आणि वर्गातल्या एका मुलीचा पासवर्ड पाठ केला. घरी जाऊन तिचा ईमेल उघडला आणि त्यावरून तिचा इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलला. तिच्या मैत्रिणींशी दोन दिवस तो तिच्या नावाने बोलत होता.

मुलगी मला काही बोलली नाही. तिची आई आली ती मला विचारायला नाही, तर दुकानातच लेकीला बोलली, "तुला कुणी सांगितलंवतं त्यो आयडी काढाया?" मी मधे पडून सांगितलं की चूक माझी, माझ्या वहीची. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "न्हाई वो ताई, तुमची कशी आसंल." मी सांगूनही दोष पोरीकडेच राहिला. ती वही मी त्याच रात्री बंबात घातली. कॉम्प्युटरवर 'स्टुडंट' नावाचा एक फोल्डर होता. त्यात सात वर्षांची आधार कार्डं, पासबुकं, सह्या, फोटो. तो पुसायला मात्र मला पुढची दिवाळी उजाडली. 'लागेल कधीतरी' म्हणून. आता दर शनिवारी दुकान बंद करायच्या आधी आठवड्याचं सगळं पुसते, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की कीबोर्ड पोराकडे वळवून मी तोंड फिरवते.

माझी वही एक. अशा वह्या सगळीकडे आहेत. दहावीचा निकाल बघायला काय लागतं? बैठक क्रमांक आणि आईचं नाव. परीक्षेच्या आधी प्रवेशपत्राचा फोटो पोरं स्टोरीला टाकतात, 'बेस्ट ऑफ लक'चे बदाम गोळा करायला. आईचं नाव तर गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक. गेल्या वर्षी निकालाच्या दिवशी आमच्याकडे एका मुलाचा निकाल त्याच्या आधी त्याच्या चुलत्याच्या व्याह्यांना कळला होता. शाळांचे व्हॉट्सॲप ग्रुप बघा. तुकडीतल्या साठ मुलांची एक यादी, त्यात आधार, जात, वडिलांचा मोबाइल, आणि खाली 'चुका असल्यास कळवावे'. चौकातले फ्लेक्स बघा. चि. अमुक यास पंधराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आणि खाली बारा शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले फोटो. पोराची जन्मतारीख एवढ्या मोठ्या अक्षरात दुसरं कुठे छापून मिळेल?

माझ्या लेकीला दहावीला बरे मार्क पडले तेव्हा ती जायची त्या क्लासने तिचा फ्लेक्स लावला आणि तोच फोटो पूर्ण नाव, शाळा, टक्के घालून फेसबुकवर टाकला. फोटो आम्ही दिलेला होता, पण ओळखपत्रासाठी. दोन दिवसांत तिच्या घरच्या आयडीवर दीडशेच्या वर अनोळखी रिक्वेस्ट. मी क्लासच्या सरांना फोन केला की ते काढा. त्यांना खरंच कळेना मी का रागावलेय. म्हणाले, "अहो मॅडम, लोक पैसे देऊन फ्लेक्स लावतात, आम्ही फुकट लावलाय." फ्लेक्स उतरला तो पावसाने. लेकीने मात्र त्याच संध्याकाळी घरचा आयडी बंद केला. चेहरा न लावता तीन वर्षं जपलेलं क्लासने एका दुपारी उधळून टाकलं होतं.

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते. मुलाचं वय आणि बाकीच्या काही गोष्टी मी मुद्दाम फिरवून लिहीत आहे.

दुपारची वेळ, लाइट गेलेली. एक मुलगा आला आणि मागच्यांना पुढे जाऊ देत राहिला. तीन गिऱ्हाइकं गेली. मग जवळ येऊन म्हणाला, "काकू, या नंबरवर दोन हजार टाकता का? कॅश देतो." आमच्याकडे हे रोजचं आहे. वीस रुपये घेते आणि पाठवते. पण नोटा बघितल्या, पन्नासच्या, वीसच्या, दहाच्याही. विचारलं, "कुणाचा नंबर?" म्हणाला मित्राचा. नंबर टाकला की समोरच्याचं नाव येतं. ते वाचून मी विचारलं, "मित्राचं नाव काय?" त्याने भलतंच नाव सांगितलं. मी फोन पालथा ठेवला आणि त्याला आत स्टुलावर बसवलं.

इन्स्टाग्रामवर एका 'मुली'ची रिक्वेस्ट आली. दोन दिवस गप्पा झाल्या, मग व्हिडिओ कॉल. पुढचं मी लिहीत नाही, सगळ्यांना कळतं. समोरून रेकॉर्डिंग झालं होतं. तीन हजार आधीच गेले होते, आजीने डेअरीचे दुधाचे आलेले पैसे डब्यात ठेवलेले, त्यातले. आता आणखी दोन हजार, संध्याकाळी सहाच्या आत. त्याने मला मेसेज दाखवले. धमकीचा पहिला मेसेज व्हिडिओचा नव्हताच. त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट होता. त्यातली सात नावं लाल रंगाने गोल केलेली. बहीण, वर्गशिक्षिका, मामा, एक मैत्रीण. व्हिडिओ कुणालाही दाखवायचा तर कुणाला दाखवायचा हे कळायला यादी लागते, आणि अकाउंट पब्लिक असल्याने ती आयती मिळाली होती. आम्ही पोरांना सांगतो फोटो टाकू नका. याने आयुष्यात एकच फोटो टाकला होता, क्रिकेटच्या ढालीसोबतचा.

मी विचारलं, घरी का सांगितलं नाहीस? म्हणाला, "पप्पा फोन फोडतील आणि मला गलाईला घेऊन जातील." इकडचे लोक समजतील. आमच्या खानापूर, आटपाडीकडच्या घराघरांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोण केरळात, कोण तमिळनाडूत, कोण थेट उत्तरेत. मुलं इथे आजी-आजोबांकडे शिकतात. शिक्षण बंद झालं की पुढच्या गाडीने गलाईच्या दुकानात. म्हणजे पोराने एका बाजूला बदनामी धरली होती आणि दुसऱ्या बाजूला शाळा, आणि मधे आजीचा डबा रिकामा करत होता.

पैसे पाठवले नाहीत. चॅट पुसू दिला नाही, त्याचा हात सारखा तिकडेच जात होता. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, त्या आयडीची लिंक आणि पैसे गेलेल्या व्यवहाराचे नंबर कागदावर उतरवले. अकाउंट प्रायव्हेट केलं. १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा नंबर, पैसे गेल्यावर जितक्या लवकर लावाल तितकं बरं. आमचे तीन हजार जाऊन चार दिवस झाले होते, ते काही मिळाले नाहीत. 'टेक इट डाउन' म्हणून अमेरिकेतल्या बेपत्ता मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची एक फुकट सोय आहे, ती लेकीने शोधून काढली. अठराच्या आतल्या मुलाचा तसला फोटो किंवा व्हिडिओ आपल्या फोनवर असेल तर त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो. व्हिडिओ फोनमध्येच राहतो, ठसा तेवढा जातो, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या कंपन्या त्यावरून तो ओळखून अडवतात. त्या माणसाने नमुना म्हणून व्हिडिओ पाठवलेला होता, त्याचा असा उपयोग झाला.

मग मी त्याच्या वडिलांना फोन लावला. पोर पाया पडत होतं, लावू नका म्हणून. मी आधीच सांगितलं, "तुमच्या पोराला फसवलंय, त्याने गुन्हा केलेला नाही, त्याच्यावर गुन्हा झालाय. ओरडणार असाल तर फोन ठेवते." पलीकडे बराच वेळ काही नाही. मागे गाड्यांचे हॉर्न. मला वाटलं फोन कट झाला. मग ते म्हणाले, "वैनी, माझ्यासंगं बी झालंतं आसंच. दोन वर्सं झाली. बारा हजार भरलं मी. कुणाला बोललो न्हाई."

मी फोन पोराच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा आले आणि आम्ही ठाण्यात गेलो. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे, आणि अशी गोष्ट कळलेल्या मोठ्या माणसाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण एक हवालदार आधी हसलेच, "मुलग्याला काय होतंय?" नंतर आत एक बाई अधिकारी होत्या, त्यांनी नीट लिहून घेतलं. व्हिडिओ कुठे आला नाही. चार दिवस नवनव्या आयडींवरून धमक्या आल्या, मग थांबल्या. मुलगा शाळेत जातो. फोन त्याच्याकडेच आहे.

सरांनी म्हटलेली बंदी यात कुठे बसते ते मी शोधते आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना अकाउंट ठेवता येत नाही. त्यात दंड कंपनीला आहे, पोराला किंवा आईबापाला नाही, हे मला पटलं. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुलांविषयीचा भाग त्यानंतर दीड वर्षाने लागू होईल. त्यात अठराच्या आतल्यांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे आणि मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड. चांगलंच आहे. पण त्यात अकाउंटसाठी पालकांची खात्री करून घेतलेली संमती लागणार. आई-वडील कोइमतूरला, फोन आजोबांच्या नावावर, आजोबांना दिसत नाही. ही सगळी मंडळी कुठे येणार? माझ्या काउंटरवर. "ताई, तेवढा ओटीपी टाका." मी आता टाकणार नाही, पण बाजारात माझ्यासारखी आणखी सहा दुकानं आहेत, आणि १ जानेवारी अजून कॅलेंडरात आहे.

आमच्यापासून फार लांब नाही, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. त्याची बातमी आपणही छापली होती. मला त्यातली एकच गोष्ट आवडते. भोंगा वाजला की बापाचाही फोन बंद होतो.

एक विनंती आपल्याला आहे. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर काही बेतलं की आपण नाव छापत नाही, कायद्याने छापता येत नाही. पण 'अमुक गावच्या, अमुक कॉलेजात अकरावीत शिकणाऱ्या, वडील अमुक कारखान्यात कामाला असलेल्या मुलीला' असं छापता. गावात त्या वर्णनाच्या मुली किती असतात? गेल्या पावसाळ्यात आपल्याच अंकातल्या अशा एका बातमीची कात्रणं माझ्याकडे झेरॉक्सला आली होती. वीस प्रती. काढून मी दिल्या नाहीत, पण समोरच्या दुकानात मिळाल्या असणार.

माझं नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे, तो छापू नये. गावाचं नावही नको. आमच्या गावात असं दुकान चालवणाऱ्या बायका दोनच आहेत, आणि दुसरीकडे पैसे पाठवायची सोय नाही.

आपली,
एक वाचक, जि. सांगली